सहदेवीची भावकी

आमच्या गावात सहदेवी नावाची दोन झाडं होती आणि त्यातली एकच सहदेवी होती. दुसरी ओसाडी. पण निम्मं गाव ओसाडीलाच सहदेवी म्हणायचं, आणि खऱ्या सहदेवीला सदोडी म्हणायचं नाहीतर काहीच म्हणायचं नाही. वरच्या आळीला विचारलं तर एक उत्तर, ओढ्यापलीकडं विचारलं तर दुसरं. दोन्ही झाडं गुडघाभर उंचीची, दोन्हींना जांभळट बारीक फुलं, दोन्ही भाताच्या खाचरांच्या बांधावर शेजारी शेजारी उगवणारी. नावांची गल्लत होणारच.

आमचं गाव भोर तालुक्याच्या पश्चिम अंगाला. पाऊस असा की जूनमध्ये घातलेली इरली गणपती येऊन गेले तरी खुंटीला लागायची नाहीत. पाऊस उघडला की बांधाबांधावर जे काही तरारून यायचं, त्याला बाप्ये सरसकट गवत म्हणायचे. बायकांना मात्र त्यात नावं दिसायची, कारण खुरपं त्यांच्या हातात असायचं. माका वेगळा ठेवायचा, तो तेलाला. त्याचं देठ चुरगळलं की बोटं काळी पडतात, त्यामुळं तो ओळखायला सोपा. दगडी पाला त्याहून सोपा; हातभर लांब दांडीच्या टोकाला एकच पिवळं फूल, कडेनं चार-पाच पांढुरक्या पाकळ्या, प्रत्येक पाकळीचं टोक करवतीसारखं कातरलेलं. विळा लागला की हाच चोळून जखमेवर दाबायचा. भांबुर्डा थंडीत फुलायचा आणि हात लागला की कापरासारखा वास सोडायचा. (पुण्याच्या शिवाजीनगरचं जुनं नाव भांबुर्डे. तिथं राहायला गेल्यावर मला उगीचच ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं होतं.) गाजर गवताला नाव होतं ते शिवी म्हणून. ते 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आमच्या डोंगरापर्यंत यायला त्याला फार वर्षं लागली नाहीत. आईच्या कोपराला त्याची खाज उठायची ती पार कातडी जाड होईपर्यंत.

ही सगळी एका भावकीतली, सूर्यफुलाच्या कुळातली. गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नव्हतं. अडायचं ते सहदेवी आणि ओसाडीपाशी. कारण सहदेवी पोटात जायची. ताप आलेल्या पोराच्या डोक्याला तिची मुळी बांधायची, पाल्याचा काढा करायचा, रस पाजायचा. बांधलेली मुळी चुकीची असली तर फार तर गुण येणार नाही. काढ्याचं तसं नाही.

आजी म्हणजे माझ्या वडिलांची आई. ती वैदू नव्हती, सुईण नव्हती, तिच्या अंगात काही येतही नव्हतं. तिला पाला ओळखता यायचा एवढंच. त्यामुळं कुणाचं पोर तापलं की हातात जुडी घेऊन बाई आमच्या पडवीत यायची आणि म्हणायची, "आत्ती, हीच न्हवं?" बहुतेक वेळा ती नसायची. ओसाडी उदंड उगवते, हाताला तीच आधी लागते. आजी जुडी उलटीपालटी करायची, नाकाला लावायची आणि बाहेर उकिरड्यावर टाकायची. मग स्वतः उठून बांधावर जायची.

मला तिनं शिकवलं ते असं. "फुलाकडं बघू नगंस. फूल फशिवतं. पानं कशी हुबी हायत त्ये बघ." ओसाडीची पानं जोडीनं येतात, दांड्याच्या एकाच पेरावर समोरासमोर दोन. सहदेवीची एका आड एक, एक उजवीकडं, त्याच्या वर थोड्या अंतरानं एक डावीकडं. आजीनं ते अंगणातल्या मातीत स्वतःच्या पायांनी दाखवलं. आधी पाय जुळवून उभी राहिली, मग चार पावलं चालली. "जुळलेली पावलं ती ओसाडी. चालती ती सहदेवी." पुढं कॉलेजात संमुख आणि एकांतरित असे शब्द आले. ते परीक्षेत लिहिले, पण झाड बघताना मी आजही पावलंच बघते.

यातही एक मेख आहे, आणि तीसुद्धा तिनंच सांगितलेली. शेंड्याकडं ओसाडीही कधी कधी जोडी मोडते, एखादं पान पुढं-मागं सरकतं. म्हणून नुसता शेंडा खुडून आणला तर आजी बघायचीच नाही. "खालचं पेर आण" म्हणायची.

दुसरी खूण वासाची. ओसाडीचं पान चुरगळलं की बोकडाचा वास येतो. थोडासा, लांबून नाही, चांगला उग्र. शेळ्या पाळणाऱ्या घरात तर शंकाच उरायची नाही. सहदेवीला वास जवळपास नाही, नुसता हिरवा. तिसरी खूण अंगाची. सहदेवीच्या दांड्यावर लांबट बारीक रेघा असतात आणि सगळ्या झाडावर राखेचा हात फिरवल्यासारखी करडी लव. खालची पानं रुंद, वर जातील तशी अरुंद. ओसाडीचं पान मात्र कडेनं गोलसर दात्यांचं, लवदार, बरचसं पुदिन्यासारखं. फुलं शेवटी बघायची. ओसाडीची शेंड्याला दाटीवाटीनं बसलेली, वरून सपाट, फिकट निळी-जांभळी, काही पांढरीच. सहदेवीची सुटी सुटी, प्रत्येक आपापल्या काडीवर, गुलाबीसर जांभळी. आणि बी धरलं की दोघींचा काहीही संबंध उरत नाही. सहदेवीची म्हातारी होते. पांढरा मऊ कापूस सुटतो आणि वाऱ्यावर बी जातं. ओसाडीचं बी काळं, कुसाचं. त्याला तसा कापूस नसतो.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट, म्हणजे 1978 सालची. मी सातवीत होते. दिवाळीच्या आधी खालच्या वाडीत एक माणूस टेम्पो घेऊन आला. वाळवलेला पाला विकत घ्यायचा. कुणाला द्यायचा, कशासाठी, हे त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. औषधाला जातो म्हणाला. त्याच्या यादीत सहदेवी होती. मुळासकट उपटायची, झटकायची, सावलीत वाळवायची. पैसे रोख.

भात कापणीला अजून अवकाश होता आणि हातात पैसा नव्हता. त्या आठवड्यात गावातली एकही बाई घरी बसली नाही. आमच्या काकीनं तर रान उपसलं. तिची थोरली, आमची आक्का, भोरला दहावीला होती. नात्यातल्या एका घरी राहून शिकत होती आणि त्या घराला दर महिन्याला काहीतरी द्यावं लागायचं. तीन महिन्यांचं तटलेलं. काका मुंबईला गिरणीत. मनीऑर्डर यायची तेव्हा यायची. काकीनं पहाटे जाऊन, पोरांना लावून, पाच-सहा दिवसांत तीन पोती पाला वाळवला. माळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती.

आजीच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पिकलेला. उजेड-अंधार कळायचा, माणूस हालचालीवरून कळायचं. पोती खाली उतरवली तेव्हा ती पडवीत बसली होती. तिनं वास घेतला आणि म्हणाली, "ह्ये काय भरलंय?"

"सहदेवी," काकी म्हणाली.

"वत हितं."

काकीला ते नको होतं, हे मलाही कळत होतं. पण सासूपुढं नाही म्हणायची पद्धत नव्हती. पहिलं पोतं घोंगडीवर ओतलं. आजीनं एकेक काडी हातात घ्यायला सुरुवात केली.

वाळलेल्या पाल्यात पानं उरत नाहीत, चुरा होतो. फुलं गळतात. वासही बसतो, म्हणजे ढिगाला येतो पण एका काडीचा ओळखू येत नाही. मला वाटलं आता हिला काही कळायचं नाही. पण पान गळलं तरी ते जिथं चिकटलेलं होतं तिथं दांड्यावर बारीकसा उंचवटा राहतो. ती काडी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरायची आणि बुडापासून वर सरकवायची. अंगठ्याला आणि बोटाला एकदमच खूण लागली तर ओसाडी. आधी अंगठ्याला, मग बोटाला, तर सहदेवी. शिवाय सहदेवीच्या दांड्याच्या रेघा नखाला लागतात. ओसाडी डाव्या हाताला, सहदेवी उजव्या. मी बाजूला बसून डोळ्यांनी पडताळा घेत होते. शंभरातल्या दोन-तीन काड्यांत मला वाटायचं हिचं चुकलं, आणि उजेडात नेऊन बघितलं की तिचंच बरोबर निघायचं.

दोन दिवस ती बसून होती. तीन पोत्यांतलं दीड पोतं उजव्या बाजूला आलं.

काकी आधी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तिचा बांध फुटला. "आत्याबाई, त्यो मानूस बघत न्हाई. खालच्या वाडीची सगळी पोती तशीच गेली. त्यो म्हनला, सगळं कुटूनच टाकायचंय." हे खरं होतं. मी त्या माणसाचं बोलणं ऐकलं होतं. त्यानं पोत्यात हातसुद्धा घातला नव्हता, काट्याला अडकवलं आणि पैसे मोजले.

आजी म्हणाली, "त्यो बघत न्हाई. मग खानारा तरी कसा बघंल? कुटल्यावर तर मलाबी कळायचं न्हाई."

"माजी पोरगी शाळा सोडून ईल, त्याचं काय?"

याला आजीकडं उत्तर नव्हतं. तिनं ओसाडीचा ढीग मला घोंगडीसकट उचलायला लावला आणि उकिरड्यावर ओतायला लावला. मी ओतला. काकी दारात उभी राहून बघत होती.

दीड पोत्याचे पैसे आले. संध्याकाळी आजीनं दोन कोंबड्या आणि एक कोंबडा विकायला काढला. तरी सगळं तटलेलं फिटलं नाही. आक्का दिवाळीला आली ती आठ-दहा दिवस जास्तच राहिली. मग काकांची मनीऑर्डर आली आणि ती गेली. मार्चमध्ये ती पास झाली. पण त्या आठ-दहा दिवसांत काकी आजीशी एक शब्द बोलली नाही. मी दोघींच्या मध्ये निरोप पोचवायचे: जेवायला वाढलंय म्हणावं, नको म्हणावं. मला तेव्हा काकीचं पटायचं. गावातली टेम्पोभर मिसळ गेली, त्यात आमचं दीड पोतं शुद्ध जाऊन कुणाचं काय भलं होणार होतं? आजही हा प्रश्न मला पूर्णपणे सुटलाय असं नाही. आक्का माझ्याहून स्पष्ट बोलते. ती म्हणते, "म्हातारीचं बरोबर होतं, पण पैसं माझ्या आयचं गेलं."

कॉलेजला मी पुण्यात वनस्पतिशास्त्र घेतलं. तिथं भिंगाखाली ही सगळी भावकी पुन्हा भेटली. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते या कुळात एक फूल नसतंच. ते वऱ्हाड असतं. एका मांडवात दाटीनं बसलेली शेकडो इवली फुलं, प्रत्येकाचं बी वेगळं. सहदेवी आणि ओसाडीला कडेच्या पाकळ्याही नाहीत, नुसतं मधलं वऱ्हाड. बाईंनी सुकवलेल्या नमुन्याचा कागद पुढं केला आणि त्यावर जुनी-नवी नावं होती. ती नावं बघून मला पहिल्यांदा आजीच्या गावाची लाज वाटायची थांबली.

झालं होतं असं, की स्वीडनच्या लिनियसनं 1753 साली जगातल्या झाडांची मोठी यादी छापली. तीत आपली सहदेवी त्यानं कोनायझा या घराण्यात बसवली आणि राखी रंगावरून तिला सिनेरिया म्हटलं. कोनायझा हे जुनं ग्रीक नाव, उग्र वासाच्या, डास-पिसवा पळवणाऱ्या झुडपांचं. इंग्रजीत याच मंडळींना फ्लीबेन म्हणतात, म्हणजे पिसवांचा काळ. त्याच यादीत ओसाडीचं नाव त्यानं ठेवलं एजेरॅटम कोनायझॉइडीस, म्हणजे कोनायझासारखी दिसणारी. थोडक्यात, वरची आळी आणि ओढ्यापलीकडची आळी यांच्यातला घोळ युरोपातसुद्धा जवळजवळ तसाच होता: एक कोनायझा आणि दुसरी तिच्यासारखी. पुढं 1829 मध्ये सहदेवी तिथून उठवून व्हर्नोनियात बसवली, आणि 1990 मध्ये तिथूनही उठवून सायॅन्थिलियममध्ये. आमच्या आळीला कशाला नावं ठेवायची!

नावांतली आणखी एक गंमत मला फार आवडते. खऱ्या फ्लीबेनचं आजचं घराणं एरिजेरॉन. ग्रीकात त्याचा अर्थ लवकर म्हातारा झालेला. बी धरलं की पांढरा कापूस दिसतो म्हणून. डोंगरावर पावसाळ्यानंतर पिवळीधमक होणारी आपली सोनकी सेनेशियो घराण्यातली, आणि तेही नाव लॅटिनमधल्या म्हाताऱ्यावरूनच आलेलं. आपल्याकडची पोरं तो कापूस उडवताना त्याला म्हातारी म्हणतात, आणि त्यांना ग्रीक-लॅटिन कुणी शिकवलेलं नसतं. आणि जिला म्हातारी होत नाही त्या ओसाडीचं घराणं एजेरॅटम, त्याचा अर्थ म्हातारी न होणारी! हे नाव फुलांचा रंग बराच काळ टिकतो म्हणून दिलं म्हणतात. पण मला ते ऐकल्याबरोबर आजीचं आठवलं. तिनं मला सांगितलं होतं की बी धरल्यावर दोघींचा संबंध उरत नाही.

खरे फ्लीबेन आमच्या गावात मी लहानपणी बघितल्याचं आठवत नाही. पुण्यात फुटपाथच्या फटीत, बंद पडलेल्या बांधकामांवर बोनारिएन्सिस भेटतो. नाव ब्वेनोस आयरेसवरून, माणूस दक्षिण अमेरिकेचा. करडा, केसाळ, बुटका, आणि याची खोड अशी की बाजूच्या फांद्या मधल्या शेंड्याच्या वर निघून जातात. सिमल्याला गेले तेव्हा त्याचे भाऊबंद दिसले. कॅनाडेन्सिस उंच आणि हिरवागार, फुलाचा पेला जवळजवळ गुळगुळीत, आणि नीट बघितलं तर कडेला इवल्या पांढऱ्या पाकळ्या. सुमात्रेन्सिस त्याहून दांडगा, केसाळ, झुपका देवळाच्या शिखरासारखा निमुळता; आणि नाव सुमात्राचं असलं तरी हाही मूळचा दक्षिण अमेरिकेचाच. हे तिघे ओळखताना तज्ज्ञही अडखळतात, कारण तिघांचीही पानं चालती. तिथं पावलांची खूण कामाला येत नाही, पेल्यावरची लव आणि फांद्यांची उंची बघावी लागते. दगडी भिंतींवर कार्विन्स्कियानस मात्र लगेच कळला. पांढरी फुलं जुनी होताना गुलाबी होत गेलेली, एकाच झाडावर दोन्ही रंग. माझ्याबरोबरच्या बायका दुकानात शिरल्या आणि मी भिंतीला नाक लावून उभी.

ओसाडीचं पुढचं कळलं ते अलीकडं. तिच्यात पायरोलिझिडिन नावाच्या गटातली अल्कलॉइडं असतात आणि ती यकृताला घातक. एका घोटानं काही दिसत नाही, थोडं थोडं जात राहिलं की बाधतं. इथिओपियाच्या तिग्राय भागात काही खेड्यांत माणसांची पोटं फुगत होती, यकृतं निकामी होत होती. शोध घेतला तेव्हा घरच्या धान्यात तण म्हणून उगवलेल्या ओसाडीचं बी मिसळलेलं सापडलं. ही ओसाडी आजीच्या वेळचीच, तीच जात. सहदेवी अगदी निर्धोक आहे असंही मी म्हणणार नाही. मी वैद्य नाही, आणि झाडपाल्याचा रस डोळे मिटून पिऊ नये, या मताची आहे. पण चुकीच्या झाडाचा रस पिण्यापेक्षा बरोबर झाडाचा पिणं बरं, आणि काय पितोय ते माहीत असणं त्याहून बरं.

आजीला यातलं काही माहीत नव्हतं. ओसाडी विषारी आहे, असं तिनं कधी म्हटलं नाही. ती नुसतं म्हणायची, "ही ती न्हवं."

गेल्या पावसाळ्यानंतर पुतण्याच्या बायकोचा रात्री फोन आला. लहानग्याला दोन दिवस ताप, शेजारच्या काकूंनी सहदेवी आणून दिलीय, रस काढून देऊ का. मी म्हटलं, आधी दवाखाना, उद्या सकाळी पहिल्या एसटीनं भोरला जा, आणि आत्ता त्या झाडाचा फोटो पाठव, खालच्या पेराचा. फोटो आला. पावलं जुळलेली. "टाकून दे," म्हटलं, "आणि हात धू."

पोराला डॉक्टरांनी औषधं दिली, चार दिवसांत ते खेळायला लागलं. मग तीच म्हणाली, "आत्या, मला दोन्ही शेजारी ठेवून बघायची आहेत. काकूंनाही दाखवते." मी सांगितलं, वरच्या खाचराच्या बांधावर जा, उंबराच्या अंगाला हमखास असते. दुपारी तिनं फोटो पाठवला. ओढ्याकाठची ओसाडी होती, फुलांनी लदलेली. दुसरी नव्हती. बांध पिवळा पडलेला दिसत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मागच्याच आठवड्यात तणनाशक मारलं होतं.